सात अक्षरी, आडवा

केंडलच्या वृद्धाश्रमात दुपारी तीनला चहा येतो,
सोबत दोन बिस्किटं, आणि मिस अ‍ॅस्क्यूचं शब्दकोडं.
बाईंनी उभी हयात शाळेत लॅटिन शिकवलं;
आता हात थरथरतो, म्हणून पेन्सिल एनॉक रिगकडे.
ती सांगते, तो भरतो. स्पेलिंगही तीच सांगते.

आज बारा आडवा: 'केलेलं मनाला लागून राहणं.'
एनॉक घरं मोजतो,
बापाने मेंढ्या मोजायला शिकवलेल्या आकड्यांनी:
यान, टॅन, टेदरा, मेदरा, पिम्प,
सेदरा, लेदरा.
सात.

"रिमोर्स," ती म्हणते, विचारही न करता.
"री म्हणजे पुन्हा. मॉर्देरे म्हणजे चावणं.
पुन्हा चावणं, एवढंच आहे बघा आत.
मॉर्सल म्हणतो ना आपण, घास? तोही त्याच दातांचा."
आणि बिस्किट चहात बुडवते.

एनॉकने आर लिहिला. ई लिहिला.

एप्रिल होता, कोकरं जन्मायचे दिवस.
तीन रात्रींत नऊ कोकरं,
गळे फाडलेली, खाल्लेलं एकही नाही.
चौथ्या पहाटे जिल दगडी बांधावरून उडी मारून आली,
तोंडाला रक्त, शेपूट हलवत,
काम उरकून आलेल्या माणसासारखी.

डोंगरातला कायदा पोरासोरांनाही पाठ:
ज्या कुत्र्याला रक्ताची चव लागली
त्याला दुसरी रात्र नाही.

तिचा डावा कान फाटला होता.
एनॉकने तो पाहिला होता.
हे तो कुणाला बोलला नाही, बायकोलाही नाही,
की आधी पाहिला होता.
कोकरू काही कान फाडत नाही.
पण बंदूक भरलेली होती,
शेजारचा टॉल्सन फाटकाला टेकून बघत होता,
आणि नऊ कोकरांच्या रागाला
समोर कुणीतरी हवं होतं.
"बस," म्हटल्यावर ती बसली.

पुरताना जबडा उघडाच राहिला.
दाढांत केस अडकलेले, लांब, करडे, राठ.
लोकर नव्हती.
दोन दिवसांनी वरच्या बंगल्यातला अल्सेशियन
दहाव्या कोकरावर सापडला.
खांद्यावर चार दातांची ओली खपली.

मी लिहितो त्या भाषेत अशा वेळी मन खातं,
किंवा नुसतीच टोचणी लागते;
पश्चात्ताप तर नावाप्रमाणे मागाहून चढणारा ताप,
कधीतरी उतरेलही, असं वाटायला लावणारा.
एनॉकला यातलं काय ठाऊक असणार?
त्याच्यापाशी एक कुत्री होती,
जन्मात एकदाच चावलेली,
आणि योग्य त्यालाच.

"यात कळतं का," त्याने विचारलं, "चावतं कोण ते?"
मिस अ‍ॅस्क्यूने चष्मा वर सरकवला.
असा प्रश्न तिला वर्गात कुणी विचारला नव्हता.
"लॅटिनमध्ये कर्ता वेगळा लिहावा लागत नाही," ती म्हणाली,
"क्रियापदाच्या शेपटीतच असतो तो."

"शेपटीत," एनॉक म्हणाला.

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.
चहावर साय धरली.
पेन्सिल तिसऱ्या घरावर तशीच टेकलेली.

"एम," मिस अ‍ॅस्क्यू हळूच म्हणाली,
त्याला स्पेलिंग अडलंय असं समजून.
"पुढे एम येतो, मिस्टर रिग."