शंभराला तीस

ऑगस्टात गुदैबियात थंडाचा नळ सोडला
तरी पाणी चहाचंच येतं,
गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेलं.
त्यात भुकटी कालवली
तर साच्यापर्यंत पोचायच्या आत
वाटीतच दगड.
म्हणून एसीच्या नळीखाली बादली ठेवते.
रात्रभरात भरते अर्धी.
खारट नाही, गढूळ नाही,
आम्हा चौघांच्या श्वासातूनच पिळून निघालेलं असणार, दुसरं काय.

शंभर भुकटी, तीस पाणी.
काटा कणकेचा, माप खोकल्याच्या औषधाचं टोपण.
आधी पाणी, मग वरून भुकटी भुरभुरवायची,
ती आपोआप बुडेपर्यंत हात लावायचा नाही.
(हे शिकायला मला सव्वीस तबकं फुकट घालवावी लागली.)
मग ढवळणं, सावकाश, एकाच दिशेनं,
मग ओतणं, मग साच्याची पाठ थोपटणं,
दूध प्यालेल्या पोराची थोपटतात तशी,
बुडबुडे वर येईपर्यंत.

दहा मिनिटांत साच्याला कणकण भरते.
तळवा ठेवला की कळतं, आत काहीतरी ठरतंय.

शमसुद्दीन सरखोत आले ते नेमके तेव्हाच.
कॅन्सलमध्ये चाललेत, रात्रीचं विमान.
चिपळूणला बहिणीकडे माझी चार तबकं पोचवणार होते.
खुर्चीवर टेकलेच नाहीत, ओट्यापाशी उभे राहिले,
वाटीत वाकून बघत.
“पान्यात भुकटी. बराबर हाय.
आमच्या पोरांना सांगून सांगून माझा घसा गेला.”
चौतीस वर्षं काँक्रीट ओतलं त्यांनी,
त्या पुलाचे खांब, ह्या बँकेचं तळघर.
माझी वाटी पाव किलोची.

मग उजवा अंगठा पुढे केला.
“ह्याची रेघ मशीनला दिसत न्हाय.
मागच्या खेपेला सात वेळा पुसून ठेवला काचेवर.
सिमेंटनं खाल्ला, दुसरं काय.
तुझी भुकटी काय म्हनते बघू.”

निळा गोळा, पांढरा गोळा, सारखेच घेतले,
एक रंग होईपर्यंत मळले.
त्यांनी अंगठा दाबला, आणि डोळे मिटून घेतले.
चार मिनिटं. खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.
निघाला तेव्हा आवाज झाला, चिखलातून पाय निघावा तसा.
मी ओतलं. ते काळा चहा प्याले,
साखर तीन चमचे.

ट्यूबलाइटखाली काहीच नव्हतं.
नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
मी काय बोलणार?
त्यांनीच मोबाइलची बॅटरी लावली, आडवी धरली,
लेव्हल बघतात तशी, एक डोळा बारीक करून.
नखाच्या कडेला, अगदी कडेला,
साडेतीन रेघा.
एक जुना काप. आणि बरोबर मध्ये
टाचणीएवढं भोक.

“बुडबुडा राहिला,” मी म्हटलं, “दुसरा करते.”
“असल्या भोकासाठी आमचा इंजिनिअर
आख्खा खांब फोडायला लावायचा,”
आणि हसले, पहिल्यांदा.
रात्रभर वाळवायला हवा होता. वेळ नव्हता.
ओलाच गुंडाळला त्यांनी, हातरुमालात.
सामान तीस किलोच, ते आधीच भरलेलं,
म्हणून शर्टाच्या खिशात.

साचा माझ्याकडेच राहिला.
दरवेळी वाटीत थोडं कालवण उरतं,
फेकवत नाही, त्यात ओतते.
रंग तबकांचाच, विटकरी, कधी मातकट.
कठड्यावर आता अकरा झालेत,
पैकी दोनच बिनभोकाचे.

गुरुवारी दुकानातली जीना माल न्यायला आली.
तबकं मोजली, पाट्या चिकटवल्या,
मग एक उचलून उजेडात धरलं:
हे काय, खजूर?
राहू दे, म्हटलं. तो लॉट अजून ओला आहे.