मागचा दोर

पहिले तीन महिने पाणी नाहीच.
रेसकोर्सलगतचं ओलं गवत, सकाळचे सहा,
आणि दोराच्या टोकाला गळाऐवजी
लाल लोकरीचा तुकडा, नखाएवढा.
एक आजोबा काठी टेकून थांबले :
"गवतात काय लागतं हो गळाला?"
"चौकशी करणारे," जालसाहेब म्हणाले,
माझ्या मनगटावरची नजर न हलवता.

नाव जाल, पण जाळ्याने आयुष्यात मासा धरलेला नाही.
साचापीर स्ट्रीटवर पन्नास वर्षं
घड्याळं उघडून बसलेला माणूस,
त्याला सगळं तबकडीवरच दिसतं :
काठी पुढे दहावर, मागे एकवर.
"त्याच्या पल्याड गेली का दोर पडला.
मनगट नाय वाकवायचा. कोपर उचल.
हां. आता थांब."

थांब म्हणजे किती?

ते सांगत नाहीत.
दोर माझ्या पाठीमागे उलगडत जातो, मला न दिसता,
आणि सरळ झाला की काठीला किंचित ओढ लागते,
कुणी पदर धरल्यासारखी.
तेव्हाच पुढे.
घाई केली तर चाबकाचा फटका, आणि लोकर गायब.

माझे आबा भोई. मुठेत पाग टाकायचे.
पाग कमरेतून जाते. एक कड दातांत,
एक गिरकी, आणि पाण्यावर भाकरीसारखी गोल;
शिशाचे मणी सगळे एकदम बुडायचे.
त्यात थांबणं नव्हतं.
जे होतं ते समोर, पाण्याखाली,
आणि दुपारच्या आत विकायचं होतं.
"एवढ्या दोरात एक मासा?
तोही सोडून द्यायचा?" आई अजून विचारते.
माझ्याकडे उत्तर नाही. मी काठी पुसून ठेवते.

चौथ्या महिन्यात पानशेतखाली, आंबीच्या धारेत, गुडघाभर.
माशी मीच बांधलेली : मोरपिसाचे दोन तंतू,
रविवार पेठेतला काळा रेशीमदोरा.
डाव्या हातात वेटोळी; मोठं, लहान, त्याहून लहान,
सुटताना एकमेकांत अडकू नयेत म्हणून.
मधली धार दोराचं पोट ओढून नेते
आणि माशी मागून फरफटते;
कोळस एवढा बावळट नसतो, हे आबांनीच सांगितलेलं.
म्हणून टोक उचलून पोट उलटं, वरच्या अंगाला टाकायचं,
झोपलेल्या बाळाखालची गोधडी सरकवावी तसं.
बाळ जागं होता कामा नये.

पहिलीच फेक करंजात अडकली.
"वर बघ," जालसाहेब म्हणाले, "मोठा आहे."
दुसरी माशी बांधली. दातांनी गाठ आवळली,
दातांत शिशाची जुनी चव आली, की वाटलं.

ते काठावर बसून डबा उघडतात. अकुरी गार झालीय.
पुलावरून एसटी जाते.
काठी एकवर.
दोर मागे गेला आहे.
अजून ओढ लागलेली नाही.