पसंतीक्रम

वैजू, तुझा मेसेज रात्री पावणेबाराला.
फॉर्मची मुदत उद्या पाचला.
एक नंबरला काय टाकू, ताई,
मुख्य परिसर की आपलं उपकेंद्र?

पदवी एकच. कागद तोच, शिक्का तोच.
हे आधी लिहून ठेव,
कारण मुलाखतीत कुणीतरी विचारतंच,
"म्हणजे धाराशिवचं?"
आणि त्या 'म्हणजे'वर जरा रेंगाळतं.

तिकडे, संभाजीनगरला, झाडांना वय आहे.
चिंचेखाली बसलेली पोरं
आपल्या जन्माआधीच्या मोर्चांबद्दल
अशी बोलतात, की पायाला फोड यांनाच आले होते.
ग्रंथालयात रात्री दहालाही
खुर्चीवर रुमाल टाकावा लागतो, एसटीसारखा.
आणि ते मशीन आहे,
ज्याच्यासाठी आमच्या मॅडम
थर्माकोलच्या डब्यात नमुने घालून
सहा तास मांडीवर घेऊन जायच्या.
येरमाळा, चौसाळा, मांजरसुंब्याचा घाट.
बर्फ बीडपर्यंत टिकायचा.
पुढचं नशीब.

इकडे बावीस झाडं.
टँकर चुकला त्या वर्षी एकोणीस.
वारा मात्र एवढा, की नोटीस बोर्डावर
टाचण्या नाहीत, खिळे आहेत.
वर्गात आम्ही नऊ.
कोण डबा आणत नाही, मॅडमना माहीत.
नऊ जणांत एकाशी बिनसलं
तर दोन वर्षं तोंड लपवायला जागा नसते,
हेही धर हिशोबात.

आणि गफूरमामा. हुद्दा: प्रयोगशाळा परिचर.
मागच्या उतारावर आम्हाला सगळं नुसतं गवत दिसायचं,
मामा चालता चालता हाक मारल्यासारखे म्हणायचे
पवन्या. मारवेल. शेडा.
ही कुसळी, हिच्यापासून ओढणी सांभाळा.

दुसऱ्या वर्षी मला आठ दिवस तिकडे पाठवलं,
वाळवलेल्या वनस्पतींची कपाटं बघायला.
दारातल्या बाईंनी विचारलं, कुठून?
उपकेंद्रातून, म्हणलं.
"मग सही इथं नाही. त्या दुसऱ्या रजिस्टरात."
दुसऱ्या रजिस्टरावर लिहिलं होतं: बाहेरचे.

मी सही केली. काय करणार?

चौथ्या कपाटात, खालून दुसऱ्या खणात
एक पिवळा पडलेला कागद, त्यावर कुसळी,
मुळासकट, दोऱ्याने चार ठिकाणी बांधलेली.
स्थळ: उस्मानाबाद, उपकेंद्रामागचा उतार.
दोन्ही गावांच्या पाट्या बदलल्या,
लेबलाला कुणी कळवलंच नव्हतं.
संग्राहक म्हणून टाइप केलेलं
कुठल्याशा डॉक्टरांचं नाव.
आणि कोपऱ्यात, पेन्सिलीने, एकच शब्द. कुसळी.
तो 'ळ' मी कुठंही ओळखला असता,
दोन भरल्या पोत्यांसारखा.
आमच्या प्रत्येक बरणीवर तोच बसलेला असतो.

खण लावला. बाहेर आले.
रजिस्टरात जातानाची वेळ लिहायची असते.
मी नाही लिहिली.
त्या वहीप्रमाणे मी अजून आतच आहे.

परत आल्यावर मामांना सांगितलं,
वाटलं, डोळ्यांत पाणी-बिणी येईल.
ते बीकर पुसत होते.
म्हणाले, "बुरशी तर नव्हती ना धरली?
त्या साली ऊनच नव्हतं पडत.
रोज रद्दी बदलायचो, पंधरा दिवस.
घरची संपली, तर शेजाऱ्याची आणली."
मग बीकर उजेडात धरून पाहिला
आणि पुन्हा पुसला.

तर वैजू, एक नंबरला काय, ते मी नाही सांगणार.
तिथं गेलास तर चौथं कपाट बघ.
इथं आलास तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतारावर जा,
मामा मार्चपर्यंत आहेत.
दोन्ही रकाने भर, दुसरा रिकामा सोडू नको.
आणि फोटो लहान करून टाक,
मोठा असला की फॉर्म पुढंच सरकत नाही,
रात्रभर नुसता गोल फिरत राहतो.