ळ वर्ग

शमुवेल आवळे, बॉयलरमेकर, मिरज शेड,
निवृत्तीनंतर एका देशाचा मालक झाला.
देशाचं नाव झिरंगा. नकाशा
टनेज रजिस्टरच्या शेवटच्या पानामागं:
डोंगर लाल पेन्सिलीनं, रूळ निळीनं.
समुद्र नाही.
समुद्रातलं मला काय कळतंय, म्हणायचा.

मी आठवीत. त्याचे डोळे गॅसकटरनं खाल्लेले.
तो सांगायचा, मी लिहायची,
पानाला भडंगाची एक पुडी.

लिही. झिरंग्यात घाट फार.
पुढच्या इंजिनाला चढ झेपेना, तेव्हा
सन एकतीसच्या थंडीत मागून रेटायला
एक बुटकं, रुंद खांद्यांचं इंजिन केलं. वर्ग ळ.
— ळ का, काका?
ळनं सुरू होणारा एक शब्द सांग.
मी दिवे लागेपर्यंत शोधला. गूळ, काजळ, जांभूळ, केळवण,
स्टेशनातल्या सगळ्या पाट्या वाचून आले,
पार्सल ऑफिसातल्या पोत्यांवरची गावंसुद्धा.
नाही ना? मग लिही.
ते कधीच पुढं नसतं.

एकूण अकरा बांधली.
पहिल्या तिघांची चाकं वळणावर रडायची,
म्हणून चौथ्यापासून मधल्या चाकाची कड काढली.
शिट्टी जुळवायला मिरजेचा सतारमेकर नेला.
भोपळ्यावर मारावी तशी त्यानं पितळेवर टिचकी मारली,
कान लावला, म्हणाला, काळी चार.
— मिरजेचा? झिरंग्यात?
मग काय करतील बिचारे, म्हणाला,
भोपळ्यातला माणूस दुसरीकडं मिळतो का?

पाचव्याचा ड्रायव्हर दौलू पाथरवट
कोळशाच्या फावड्यावर वांगी भाजायचा.
दहावं कोरड्या विहिरीशेजारी उभं केलं की
आपोआप वाफ सोडायचं. कारण लागलं नाही.
आठव्यानं एका रात्री
कपलिंग तुटून उलटे घसरलेले चौदा डबे
छातीवर झेलले, पहाटेपर्यंत धरून ठेवले.
चौकशी झाली. बक्षीस निघालं.
अहवालात नंबर पुढच्या इंजिनाचा.

सातव्याचं पान त्यानं तीनदा फाडायला लावलं.
चौथ्यांदा म्हणाला,
सातव्याच्या बॉयलरला, डाव्या अंगाला,
तिसऱ्या ओळीत एक रिव्हिट वाकडं.
एवढंच लिही.
आणि शेवग्याकडं बघत बसला.
त्या दिवशी पुडी द्यायचं विसरला. मीही मागितली नाही.

मग डिझेल आलं. तिथंही येणारच की.
शेवटच्या फेरीला हार, नारळ,
स्टेशनमास्तरचं भाषण, फोटोवाला.
सगळं पुढच्याला. ळ मागं.
फोटोत डाव्या कोपऱ्यात थोडा धूर आहे, तो त्याचा.
— मग ती मोडली का, काका?
झिरंग्यात गॅसकटर नाही, म्हणाला.
मी पेन उचललं नाही, तसा आवाज चढवून:
लिही! त्या देशात तो शोध लागलेला नाही.

त्याच्या मातीला आलेल्या खलाशाला मी विचारलं.
त्याला इतकं आठवलं: यार्डात उभी होती ती सगळी
शमुवेलनंच कापली, दोन उन्हाळे लागले.
वाकडं रिव्हिट? हां, होतं एकावर.
त्याचंच ते. नवा होता, सतरा वर्षांचा,
हात चुकला. फोरमननं मारलं त्याला,
पण रिव्हिट बदललं नाही.
वाफ धरत होतं म्हणे.

रजिस्टर माझ्याकडं आहे.
शेवटच्या पानावर मजकूर नाही, पुडीचा डाग आहे,
आणि तेलानं कागद एवढा पातळ झालाय की
पलीकडचं दिसतं:
लाल डोंगर, निळीचे रूळ,
घाटाच्या पायथ्याशी एक ठिपका,
ज्याचं नाव त्यानं मला कधी लिहायला सांगितलं नाही.