ड्राफ्ट

दाराखालून येतो तो ड्राफ्ट,
आइली कोस्केला म्हणाली,
आणि चिंध्या विणून केलेली लांब गुंडाळी
पायाने उंबऱ्याशी सरकवली.

मला तोवर एकच ठाऊक होता :
बँकेच्या खिडकीतून मिळणारा, शिक्का मारलेला,
अर्जासोबत टाचायचा.
मी हसलो. ती हसली नाही.
डुलुथमध्ये जानेवारीतल्या वाऱ्याला
कोणी हसत नाही.

तिचा नवरा वाइनो बंदरावर होता.
जहाजाच्या नाकाडावर पांढरे आकडे रंगवलेले असतात,
पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय
ते वाचायचं काम.
सत्तावीस फूट. तोही ड्राफ्टच.
पोटात लोखंडाची माती पडत जाते
तसतसं जहाज एकेक आकडा गिळतं.
संध्याकाळी तोच शब्द त्याला
पिंपाच्या तोटीतून फेसासकट मिळायचा,
आणि मग वाइनोही
एकेक आकडा बुडत जायचा.

बापाचा घोडा होता, रुंद छातीचा,
बर्फातून ओंडके ओढणारा.
त्याच्या जातीलाही हेच नाव.
"मुळात सगळं ओढणंच आहे," ती म्हणाली,
"घोडा ओंडका ओढतो, धुराडं धूर ओढतं,
आणि सरकार..."
मागावरचा धागा तुटला होता, तो बघायला ती वाकली.

मागाच्या वर एक कागद टाचलेला,
चौकटीच चौकटी, काही काळ्या, काही कोऱ्या :
कुठला धागा कुठून ओवायचा,
कुठली पावडी कधी दाबायची.
यालाही काय म्हणतात
ते मी विचारलं नाही. कळायला लागलं होतं.

नातू हॉकी खेळतो.
जूनमध्ये मोठे संघ पोरांची नावं पुकारतात.
जेवताना तो तेवढंच बोलतो.
तो शब्द आला की आइली उठते,
भरलेल्या कपांत पुन्हा कॉफी ओतते.

एकोणसत्तरचा डिसेंबर. टीव्हीवर
काचेच्या बरणीतून निळ्या कुप्या काढत होते,
प्रत्येकीत एक जन्मतारीख.
तोइमीची अकरावी निघाली.
धाकटा भाऊ. वीस वर्षांचा.
स्वेटरची एक बाही व्हायची होती.

त्याला लिहायला घेतलेलं पत्र
शिवणाच्या डब्यात आहे, सुयांच्या खाली.
खाडाखोड, समासात बेरजा, कॉफीचा गोल डाग.
पक्कं लिहून होईतो
पाठवायला पत्ता उरला नव्हता.

"आमच्यात याला खर्डा म्हणतात," मी म्हणालो.
गप्प बसवेना, म्हणून पुढे म्हणालो,
"मिरच्या भाजून, मीठ-लसूण घालून रगडतात,
त्यालाही खर्डाच म्हणतात."
"तिखट असतो?"
"डोळ्यांतून पाणी काढतो."
"मग बरोबर आहे," आइली म्हणाली.

गुंडाळी पुन्हा सरकली होती.
या वेळी मी वाकलो.
हाताला लागलं तेव्हा दिसलं :
लाल-काळ्या चौकड्यांचं फ्लॅनेल,
आणि एका चिंधीला
काढायचं राहून गेलेलं
कॉलरचं बटण.