पाणी जाण्यासाठी, एक

अर्जाच्या चौथ्या पानावर विचारलंय:
मागच्या तीन वर्षांत संस्थेवर झालेले हल्ले. संख्या लिहा.
रकाना बोटभर.

मी हिशेब ठेवते इथं, वसमतला,
मोंढ्याच्या मागं, जिथं हळदीचा वास
पेनाच्या टोपणातसुद्धा जाऊन बसतो.
लिहिलं: दगड, दोन.
एकाला चिठ्ठी बांधलेली, 'आमची बाई परत द्या',
अक्षर वळणदार,
घरातल्या शाळकरी पोराकडून लिहून घेतलं असावं.
मग तो मोटारसायकलवाला.
सतरा दिवस समोरच्या लिंबाखाली
शेंगा फोडून खात बसला. बाकी काही नाही.
सकाळी गोकर्णाबाई टरफलं झाडायच्या
आणि ढिगावरून सांगायच्या,
आज दोनपर्यंत होता, आज उजाडेस्तोवर.
ह्याला हल्ला म्हणायचं का?
जिल्ह्याला फोन लावला.
साहेब म्हणाले, पुरावा असेल तर म्हणा.
टरफलं कोण जपून ठेवतं.

तरी मंजूर झालं.
अकरा वर्षं आम्ही नुसत्याच असुरक्षित होतो,
आता शिक्क्यानिशी झालो.
कॅमेरे चार, लोखंडी फाटक,
चहूबाजूंनी आठ फूट भिंत, वर काटेरी तार.
पहिला हप्ता खात्यात.
दुसरा, भिंत पुरी झाल्याच्या फोटोनंतर.

मागची भिंत साडेतीन फुटांची. नाल्याकडची.
तिच्यावरून आत आलेल्या बायांचा आकडा
कुठल्याच पानावर विचारला नव्हता.
फाटक नऊला बंद होतं.
बाई घर सोडते ती सगळे झोपल्यावर,
नऊच्या कितीतरी नंतर.
शेवंता आली ती हळद घोळायच्या ढोलावरून उठून.
तिचे दोन पंजे अजून आहेत भिंतीवर,
एक नीट, एक घसरलेला.

डोईफोडे इंजिनिअर टेप घेऊन आले.
पंजे बघून म्हणाले, पूजा होती का?
मी म्हणाले, हाव.

नकाशा आदल्या रात्री मीच काढला होता.
त्यांनी मागच्या भिंतीच्या तळाशी बोट ठेवलं.
हे भोक कशाला? दीड फूट बाय पावणेदोन?
पाणी जायला.
पाणी, ते म्हणाले,
आणि नाल्याकडं बघत राहिले.
नाल्यात तडे होते, एक चप्पल होती,
आणि एक शेळी, जिला पाण्याचं काही माहीत नसावं.
लई येतं का?
रातचं येतं, गोकर्णाबाई मागून बोलल्या,
कधी कधी लेकरासकट.

डोईफोडेंनी टेप गुंडाळायला घेतली.
ती मध्येच अडकली. पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.
मग म्हणाले, नियमात जाळी आहे. जाळी बसवावीच लागंल.
मी काही बोलले नाही.
बिजागरीची चालते, ते म्हणाले. साफसफाईसाठी.
कडी आतून.
आणि मोजमाप वहीत लिहिलं त्यांनी, खाली रेघ न ओढता:
पाणी जाण्यासाठी, एक.

आता कॅमेऱ्यांची चित्रं माझ्या टेबलावर दिसतात
आणि ठाण्यातसुद्धा, अशी अटच आहे.
ठाण्यात शेवंताचा चुलतदीर आहे.
म्हणून चौथा कॅमेरा पिठाच्या डब्यांकडं तोंड करून आहे.
तिथंही चोरी होऊ शकते, मी तसं लिहून दिलंय.
शेंगावाला परत येऊ लालाय.
पहिल्या दिवशी त्यानं वर बघितलं,
उठला, चार पावलं सरकला.
चित्र जिथं संपतं तिथून पुढं
टरफलं पडतात.

दर शनिवारी गोकर्णाबाई
जाळीच्या बिजागरीला तेल घालतात, करकर नको म्हणून.
पावशेर खोबरेल महिन्याला.
अनुदानात त्याला शीर्षक नाही.
मी ते फोडणीत दाखवते.