मुकादम सिंह कापतात

सासणहून आले तेव्हा कार्डात अकराशे चाळीस सिंह होते.
म्हणजे सिंह सहाच.
बाकी माझं बोट.
हर्णैत ते दाखवायला जाणार कुणाकडे?
गेले मुकादम फोटोत,
बंदराच्या चढावर, बर्फाच्या कारखान्याला लागून,
जिथे निम्म्या तालुक्याने
कुवेतला जाण्याआधी दोन्ही कान दाखवलेत.

सलाउद्दीन मुकादमांनी सिंह कधी पाहिलेला नाही.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी पहिला उघडला.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले,
“डॉक्टर, हा कुठे निघालाय, मस्कतला?
मधोमध बसवलाय, मान सरळ, दोन्ही कान.
मागे पांढरा पडदा तेवढा राहिला.”

आणि सुरमईची तुकडी पाडावी
तसा उजवीकडचा एक पट्टा उडवला.
सिंह कडेला सरकला.
त्याच्या डोळ्यांपुढे गवत उरलं,
नुसतं वाळकं गवत, हातभर,
आणि एकाएकी
तो कुणाकडे तरी बघत होता.

दुसरा.
“पाणी सांडतंय.”
मला दिसेना.
त्यांनी पडद्यावर पट्टी टेकवली.
“दर्याच्या गावात राहून रेघ वाकडी धरता?”
सव्वा अंश फिरवला.
सिंहीण नीट पाणी प्यायला लागली.

तिसऱ्यावर मी रात्री जागून मेहनत घेतली होती.
मुकादम दारापर्यंत गेले, तिथून बघून आले.
“इतका पिवळा
कार्बाइडच्या पेटीतला हापूससुद्धा होत नाही.”
मी रंग मागे ओढला.
अजून, म्हणाले. अजून.
सिंह धुळीच्या रंगावर आला
आणि धूळ सिंहाच्या.

नाकावरची माशीही मीच पुसली होती,
डाव्या कानाची फाटकी कड
शेजारच्या केसांनी भरली होती.
“इथं काहीतरी होतं.”
चाळीस वर्षं नवरदेवांच्या गालावरचे देवीचे व्रण पुसले,
त्या हाताला पुसलेलं कळतं.
“तुम्ही जनावरांच्या डॉक्टर.
फाटका कान तुम्हीच लपवायचा?”
मी मूळ फाइल उघडली.
माशी आपल्या जागी बसून होती.

गृहपाठ दिला: बंदरावरचा बोका.
“माज तेवढाच. जीपचं भाडं नाही.”

लिलाव उरकला की मी ओल्या वाळूवर पोटावर पडायची.
पहिल्या दिवशी बोक्याच्या टाळूतून
अख्खा सुवर्णदुर्ग उगवला.
दुसऱ्या दिवशी शेपूट चौकटीबाहेर.
चांगुणा पावसे टोपली टेकवून बघत होती.
“बाय, मांजराला कसलं लोटांगण घालतेस?
एक बांगडा टाक, लगेच तोंड वळवंल.”
बांगडा नको म्हटलं.
तिला काय सांगणार,
मला स्वतःलाच नीट सांगता येत नव्हतं.
पाचव्या दिवशी तो आपणहून वळला
आणि मी बोट दाबायचं विसरले.
हे मुकादमांना सांगितलं तर खूश झाले.

त्यांच्या गल्ल्यामागे एक जुना कृष्णधवल आहे.
धाकटा भाऊ, शफी, लाँचच्या टोकाशी उभा,
चौकटीच्या अगदी उजव्या कडेला.
बाकी सगळा दर्या.
इतकी जागा मोकळी कशाला सोडली, मी विचारलं.
“तो तिकडे बघत होता ना.”
एवढंच बोलले,
आणि आत बसलेल्या पोराची हनुवटी वर करायला गेले.

अकराशे चाळीसांतून एक ठेवला.
फाटका कान, पुढे गवत.
बिल पाठकोऱ्या कागदावर, उर्दू वळणाच्या मराठीत:
बारा बाय अठरा, मॅट, एक प्रत.
कापणावळ, वीस रुपये.
माशी, फुकट.